धाकट्याच्या नावाने

लॉन्ड्रीवाल्या काकूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. गोल झाला की लोक उड्या मारतात एवढं कळायचं, आणि तेही लोक उड्या मारायला लागल्यावर. पण रविवारी सकाळी मैदानावर सगळ्यात आधी कोण हजर, तर काकू. डोक्याला फडकं, हातात पाण्याची बाटली, आणि चुन्याच्या रेघेला इतक्या खेटून उभ्या की लाइनमन बिचारा 'काकू, जरा मागे' म्हणून म्हणून थकायचा. बाकीच्या बायका म्हणायच्या, आई असावी तर अशी. आता दुसऱ्याची आई कशी आहे हे लांबून सांगायला कुणाचं काय जातं म्हणा.

काकू ज्या लॉन्ड्रीत कामाला होत्या ती मैदानाला लागूनच. आत एवढी दमट वाफ की भिंतींना कायम घाम. पुढे गिऱ्हाइकांचं काउंटर, मागे धुलाईची यंत्रं आणि खिडकीशी काकूंचं इस्त्रीचं टेबल. दवाखान्याच्या चादरी, ऑफिसवाल्यांचे शर्ट आणि सोमवारी मुलांच्या संघाच्या जर्सी. जर्सी काकू दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत. चिखलाचा डाग गरम पाण्यात गेला की जन्मभराचा बसतो; तो आधी वाळू द्यायचा, झटकायचा, मग गार पाणी. नव्या पोरी घाई करायच्या आणि काकूंची बोलणी खायच्या. काकूंची जीभ तशी तिखटच होती.

पण ह्या बाईच्या घरात काय झालं होतं ते वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं. ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

काकू आणि त्यांचा नवरा दुसऱ्या गावाहून इथे आले होते. नवरा बसच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायचा, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्यांना मुलगे दोन. दोघांत दोन वर्षांचं अंतर. मोठा आपल्याच तंद्रीत असायचा, धाकटा म्हणजे घरभर नुसता धुडगूस. धाकट्याला तिसरं लागलं आणि तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात नेता नेता वाटेतच सगळं संपलं. मिस्त्रींनी त्याला स्वतःच्या हातांनी मातीआड केलं, कुठे कुणाला कळवलं नाही, कुठल्या ऑफिसात तसं लिहून दिलं नाही. लिहायला गेलं की ते खरं होईल असं त्यांना वाटलं असावं. महिन्याभरात त्यांनी बदली मागून घेतली आणि तिघं ह्या वस्तीत आले. इथे आल्यावर धाकट्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. काकूंनी तर नाहीच. कुणी विचारलं, मुलं किती, तर त्या म्हणायच्या, हा बघा, आणि मोठ्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या. ते काही उत्तर नव्हे, पण लोकांना चालायचं.

वस्ती तशी भांडखोर. पाण्यावरून भांडण, गाडी कुणी कुठे लावली यावरून भांडण, एका जिन्यातले दोन शेजारी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. पण रविवारी मुलांची मॅच असली की तेच दोघं खांद्याला खांदा लावून उभे. 'आपला संघ' हा एकच शब्द असा होता की ज्यात सगळे मावायचे. संघ चालवायचे सर. सर म्हणजे कुठल्या शाळेचे नव्हेत. दिवसभर एका गोदामात पोती मोजून घ्यायचे आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवली की सर व्हायचे.

मोठा अंगाने किरकोळ, पण चेंडू पायाशी आला की त्याचं काहीतरी वेगळंच व्हायचं. एरवी धड उत्तर न देणारा पोरगा चारचौघांना चकवून पार व्हायचा. सरांनी त्याला हेरलं आणि एक दिवस घरी येऊन हळहळले. बारा वर्षांखालची स्पर्धा होती आणि मोठ्याला बारा नुकतीच पूर्ण झाली होती. थोडक्यात हुकलं, सर म्हणाले, चहा प्याले आणि गेले.

मिस्त्री रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी त्यांनी कपाटातून धाकट्याचा जन्माचा दाखला काढला. हेडमास्तर संघाचे अध्यक्षच होते, त्यामुळे शाळेतही अडलं नाही. पटावरून एक नाव खाली उतरलं, दुसरं वर चढलं. सगळ्यांचा भाव असा, की एका पोराचं भलं होतंय, कुणाचं काही जात नाही. हेडमास्तर म्हणाले, घरातलंच नाव आहे, परक्याचं थोडंच आहे.

काकूंना हे कळलं तेव्हा त्या मिस्त्रींना एवढंच म्हणाल्या, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताय तुम्ही." आणि पुढे कित्येक दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या ते आपटून.

मोठ्याला कुणी विचारलंच नाही. बारा वर्षांच्या पोराला कोण विचारतं? त्याला खेळायला मिळणार होतं, बस्स. मैदानावर तुझं नाव हे, बापाने सांगितलं, आणि हाक आली की वळून बघायचं, विसरायचं नाही. पोरगं आठवडाभर आरशासमोर उभं राहून सराव करायचं. स्वतःच धाकट्याच्या नावाने हळूच हाक मारायचं आणि स्वतःच वळायचं.

पहिल्या मॅचला काकू गेल्या नाहीत. लॉन्ड्रीत रविवारचं जादा काम मागून घेतलं आणि खिडकीकडे पाठ करून चादरींच्या घड्या घालत बसल्या. मध्येच मैदानावरून एकदम गलका उठला. आधी एकाने, मग पाच-पन्नास लोकांनी, मग अख्ख्या वस्तीने एक नाव घेतलं. जे नाव आठ वर्षं घरात कुणी मोठ्यांदा उच्चारलं नव्हतं, ते नाव. काकू हातातली ओली चादर तशीच घेऊन बाहेर पळाल्या. रेघेशी येऊन बघतात तर मैदानाच्या मधोमध एक पोरगा हात पसरून धावतोय आणि सगळे त्याला त्या नावाने हाका मारताहेत. चादरीचं पाणी पायांवर टपटपत होतं. काकूंना ते कळलंही नाही. शेजारच्या बाईने त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, पोरगं आहे की वीज आहे हो तुमचं.

त्या दिवसापासून काकूंनी एकही रविवार चुकवला नाही.

लोकांना वाटायचं मोठ्याचा खेळ बघायला येतात. मिस्त्रींनाही तसंच वाटलं. त्यांना बरं वाटलं, बायको निवळली म्हणून. पण काकू मोठ्याला बघायला जातच नव्हत्या. मेलेलं मूल वाढत नाही म्हणतात. काकूंचं वाढलं. दर रविवारी ते थोडं उंच झालेलं असायचं, त्याचे पाय भरायचे, आवाज फुटायचा. रेघेच्या अलीकडे उभं राहून काकू त्याला बघायच्या आणि मॅच संपली की मन चरकायचं, की आता हा जाणार. मग चिखलाने माखलेला मोठा बूट हातात घेऊन बाहेर यायचा, म्हणायचा, आई, चल. आणि काकू त्याच्याकडे अशा बघायच्या, जसं दार उघडल्यावर भलताच माणूस समोर उभा असावा. ही गोष्ट त्या कुणापाशी कशाला बोलतील? आईने असं मनात आणणंसुद्धा पाप. पण यायचं ते मनात यायचंच.

हळूहळू ते नाव मैदान ओलांडून आत आलं. दुकानदार त्याच नावाने हाक मारायचा, शाळेत तर तेच होतं, मित्र खिडकीखाली उभे राहून तेच ओरडायचे. मोठ्याचं खरं नाव एका घरापुरतं उरलं, आणि घरात तरी किती, तर दोन माणसांच्या तोंडात. त्यातले मिस्त्री सवय मोडू नये म्हणून घरीही मैदानावरचंच नाव घ्यायला लागले. उरल्या काकू.

एकदा मोठा गुडघा फोडून घरी आला. काकू जमिनीवर बसून जखम धूत होत्या, फुंकर घालत होत्या, आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून धाकट्याचं नाव निघून गेलं. इतक्या मायेने निघालं की त्यांना स्वतःलाच कळलं नाही. पोराने पाय मागे घेतला.

"आई," तो म्हणाला, "घरी तरी."

काकूंनी ऐकलं. जीभ चावली. खरं तर तेव्हाच त्याला जवळ घ्यायला हवं होतं, त्याच्या नावाने दहा वेळा हाक मारायला हवी होती. पण त्या उठल्या आणि म्हणाल्या, पट्टी बांधून घे, मला जर्सी भिजवायची आहे.

तीन वर्षांनी, तो चौदा वर्षांखालच्या संघात गेल्यावर, बिंग फुटायची वेळ आली. पोरगा खरा पंधराचा, कागदावर तेराचा, आणि ओठावर लव फुटायला लागली. मिस्त्री त्याला मॅचच्या आदल्या दिवशी दाढीच्या ब्लेडने साफ करून द्यायचे. समोरचे संघ खवचटपणे विचारायचे, काय रे, लग्न ठरलं का तुझं? आपल्या वस्तीचे लोक त्यावर मारामारीला उठायचे. पोटात सगळ्यांच्याच शंका होती, पण कप दोन वर्षं आपल्याकडे होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेवटी कुणीतरी तक्रार केली. शाळेच्या जुन्या पटावर ह्याच घरातल्या एका मोठ्या मुलाचं नाव सापडलं. मोठा आणि धाकटा, मग आता खेळतोय तो कोण?

स्पर्धेच्या ऑफिसातून दोन माणसं घरी आली. सभ्य होती. बूट दाराबाहेर काढले, खुर्चीच्या कडेवर बसली. सर दारात उभे होते, जिन्यात निम्मी वस्ती. त्याच महिन्यात पोराची मोठ्या शहरातल्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड व्हायची होती. राहणं, शाळा, खेळ सगळं तिथेच. खोटं ठरलं असतं तर वसतिगृह गेलं, कप गेला, संघावर बंदी. मिस्त्री घसा खाकरून काहीतरी सांगायला लागले तेवढ्यात आतल्या खोलीतून मोठा बाहेर आला.

"मी मोठा आहे," तो म्हणाला. स्वतःचं खरं नावही सांगितलं, अगदी स्पष्ट. "धाकटा गेला. लहानपणीच."

मिस्त्रींनी मान खाली घातली. त्या दोघांपैकी वयस्कर होता तो काकूंकडे वळला. बापाचं काही खरं नसतं, असा त्याचा अनुभव असावा. तो म्हणाला, "ताई, तुम्ही आई आहात. तुम्ही सांगाल ते आम्ही लिहू. तुमचा धाकटा मुलगा जिवंत आहे की नाही?"

नंतर वस्ती म्हणाली, काकूंनी पोराचं कल्याण केलं. सर म्हणाले, आमची लाज राखली. काकू स्वतःला कितीतरी वर्षं हेच सांगत राहिल्या. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात ना वसतिगृह होतं ना कप. त्यांना फक्त 'नाही' म्हणायचं होतं आणि तो शब्द तोंडातून निघेना. अकरा वर्षांत तो कधी निघाला नव्हता. दर रविवारी ज्याला धावताना बघितलं त्याला ह्या खोलीत, ह्या माणसांसमोर, स्वतःच्या जिभेने पुन्हा मारायचं, हे त्यांना जमेना.

"आहे," काकू म्हणाल्या. "हा काय, समोर उभा आहे."

"मग मोठा?"

"तो गेला. तापात."

वयस्कर माणसाने पोराकडे बघितलं. पोरगा आईकडे बघत होता. रडला नाही, चिडला नाही. मग त्या माणसाला म्हणाला, आई म्हणते तेच खरं, मी उगाच बोललो, मला वसतिगृहात जायची भीती वाटत होती. त्यांनी लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेले. जिन्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर घरातही त्याने खऱ्या नावाला कधी ओ दिली नाही. कारण काकूंनी ते नाव पुन्हा घेतलंच नाही. कुठल्या तोंडाने घेणार? महिन्याभरात तो वसतिगृहात गेला. निघताना पाया पडला, बापाच्या, आईच्या, रीतसर. मिस्त्री त्या दिवसापासून मैदानावर फिरकले नाहीत. संध्याकाळी कामावरून आले की खुर्चीत बसून राहायचे. काही वर्षांनी त्याच खुर्चीत गेले. मुलगा येऊन सगळं नीट करून परत गेला.

आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, त्यानंतर काकूंना धाकटा कधी दिसला नाही. मैदानावर दुसरी मुलं खेळायची, दुसरी नावं ऐकू यायची, पण धाकटा गेला तो गेलाच. घरात वावरायला लागला तो मोठा. भांडी घासताना मागच्या भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज यायचा, धप, धप, जसा तो बारा वर्षांचा असताना आपटायचा. काकू जाऊन बघायच्या तर तिथे कुणी नाही. आरशासमोरून जाताना तिथे कुणीतरी पाठमोरं उभं आहे असं वाटायचं. मुलगा तिकडे हट्टाकट्टा, पेपरात नाव येतंय, दर महिन्याला फोन करून विचारतोय, आई, गोळ्या घेतेस ना? आणि इकडे घरात त्याचंच भूत फिरतंय. जिवंत माणसाचं भूत असतं का हो? काकू कुणाला विचारणार? देवाला विचारायची त्यांना हिंमत नव्हती.

पुढे गुडघा गेला तेव्हा मुलगा खेळ सोडून प्रशिक्षक झाला. लग्न केलं. मुलगी चांगली मिळाली, बोलकी, मनाने सरळ. काकूंचे हात इस्त्री धरेनासे झाले तेव्हा त्या दोघांनी त्यांना आपल्याकडे नेलं. घरात तोवर लहान मूल आलं होतं. काकू पोचल्या तशी सुनेने ते त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि नाव सांगितलं.

मोठ्याचं नाव.

"ह्यांच्या गेलेल्या मोठ्या भावाचं ठेवलंय," सून म्हणाली. "ह्यांचाच हट्ट. म्हणाले, आईला बरं वाटेल."

काकूंनी मुलाकडे बघितलं. तो कपाटातून काहीतरी काढत होता, पाठमोरा. बाळाने काकूंचं बोट धरलं होतं. त्या म्हणाल्या, छान आहे नाव.

पण ते नाव काकूंच्या ओठावर काही आलं नाही. बाळ, राजा, सोन्या, पिल्लू, लबाडा. नातवाला त्यांनी जगातल्या सगळ्या नावांनी हाक मारली, तेवढं एक सोडून. सुनेला वाटलं, सासूबाईंना गेलेल्या मुलाची आठवण येते. ती एकदा हळूच म्हणाली, आई, मोठे दीर कसे होते हो? काकू म्हणाल्या, आपल्याच तंद्रीत असायचा. एवढंच. मुलगा जेवता जेवता थांबला आणि पुन्हा जेवायला लागला.

नातू आठ वर्षांचा झाला आणि बापाच्याच हाताखाली खेळायला लागला. काकूंनी मैदानाचं नाव टाकलं होतं, पण पहिली मॅच, सुनेने ऐकलंच नाही, हाताला धरून नेलं. तसाच चुना, तसाच गलका, रेघेवर तशाच आया. मुलगा रेघेच्या पलीकडे, गळ्यात शिट्टी, पाठ इकडे, पोरांना हातवारे करून सांगत होता. नातवाला चेंडू मिळाला आणि तो सुटला. सून उड्या मारत त्याच्या नावाने ओरडायला लागली. मग तिने काकूंचा दंड हलवला. आई, तुम्ही पण ओरडा ना, त्याला किती बरं वाटेल.

पोरगं धावत होतं, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. आणि काकूंनी हाक मारली. जुनीच हाक, मोठा मागच्या भिंतीशी खेळायचा आणि जेवायची वेळ व्हायची तेव्हा मारायच्या ती, शेवटी लांबवलेली.

नातवाने ऐकलंही नाही, तो गोलच्या दिशेने चालला होता. रेघेपलीकडच्या माणसाची मात्र मान झटकन वळली.

"ओ," तो म्हणाला.

त्याला स्वतःलाही कळलं नसावं. केस पिकायला लागलेला एवढा मोठा बाप्या, पण तो चेहरा बारा वर्षांचा होता, आत्ता येतो म्हणणारा. सून हसायला लागली, अहो, तुम्हाला नाही, ह्याला मारली हाक. काकूंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या रेघ ओलांडून दोन पावलं आत गेल्या, आणि ह्या वेळी त्याच्या डोळ्यांत बघून पुन्हा हाक मारली, त्याच नावाने, हलक्या आवाजात.

तो बघत राहिला. मग तो बारा वर्षांचा चेहरा मिटला.

"आई, मागे हो," तो म्हणाला. "खेळ चालू आहे." आणि मैदानाकडे वळला.